स्कॉलरशिप सेक्शनच्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार.

३१ मे ला तुमचा निरोप समारंभ झाला तेव्हा मी फील्डवर होते. त्या गावात रेंज नाही, रात्री एसटी स्टँडवर आल्यावर ग्रुपवरचे फोटो उघडले, तुम्ही शाल-नारळ घेऊन उभे आणि मागे ती तुमची हिरवी लोखंडी कपाटं, आणि मला तिथेच रडू आलं. तुम्हीच एकदा सांगितलं होतं ना, आमच्या वेळच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून, गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकलेली, म्हणून सगळे ३१ मे ला रिटायर. समोर बोलायचं राहिलं ते आता इथे लिहितेय, सूनबाई वाचून दाखवतील. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण पीएचडीच्या आभारांत गाईड येतात, आईवडील येतात, लॅबमधले मित्र येतात, पण ज्या माणसाच्या हातून फेलोशिप दर महिन्याला पुढे सरकते त्याचं नाव मी तरी कुणाच्या थीसिसमध्ये वाचलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नेट-जेआरएफ (यूजीसीची संशोधनासाठीची फेलोशिप) निघालं म्हणजे पैसे आपोआप खात्यात येतात असं घरच्यांना वाटतं, मलाही वाटायचं. महिन्याला ३७,००० रुपये, १ जानेवारी २०२३ पासूनचा हा दर, वर एचआरए म्हणजे घरभाडं, ऐकायला केवढं छान वाटतं. पण प्रत्यक्षात कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाकडून दर महिन्याला कन्फर्मेशन जावं लागतं, ही मुलगी अजून काम करतेय म्हणून. ते भरणारा एक मेकर आणि तपासून पुढे पाठवणारा एक चेकर, दोघांचे लॉगिन वेगळे, आणि दोघांपैकी एकाचं जरी राहिलं तरी त्या महिन्याचं काही येत नाही. काका आमचे मेकर होते.

माझा विषय काका तुम्हाला पाठ आहे, बाकीच्यांना थोडक्यात सांगते. माणूस मराठीत आपलं दुखणं बोलतो तेव्हा त्या बोलण्यातनं डिप्रेशनची लक्षणं एआयला ओळखता येतात का. म्हणजे पेशंटशी गप्पा मारणारा चॅटबॉट नाही, समुपदेशकाच्या हाताखाली राहून आज कुणाला आधी परत फोन लावायला हवा एवढंच सुचवणारं काहीतरी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये नॅशनल मेंटल हेल्थ सर्व्हे केला त्यात दर शंभर प्रौढांमागे साधारण दहा-अकरा जणांना (१०.६ टक्के) त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजार कुठला त्यावर ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोक उपचाराच्या बाहेर होते. सर्व्हे १२ राज्यांत झाला आणि त्या बारांत आपला महाराष्ट्र नव्हताच. माझा सगळा प्रपोजल या एका ओळीवरून सुरू झाला. मग १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६ लावला की मराठीत बोलता येतं, तेव्हा मला पक्कं वाटलं की या कामाची खरंच गरज आहे, फोनवर ऐकणारी माणसं मोजकी आणि बोलणारे पुष्कळ.

तर गरज होती, विषय होता, गाईड चांगले होते, आणि पहिले सात महिने एक रुपया आला नाही.

चूक कुणाची ते आता उगाळत नाही. अवॉर्ड लेटरवर माझं नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या, त्यात जॉइनिंग रिपोर्ट कुठल्यातरी टेबलावर पडून राहिलेला. मी दर आठवड्याला विचारायला जायचे आणि दर वेळी नवीन कागद सांगितला जायचा. मेसची उधारी चार महिन्यांची, घरी सोयाबीनला भाव नाही म्हणून बाबांकडे मागायची सोय नाही, आणि एका कंपनीचा मेल आलेला होता पुण्यात ये म्हणून. मी लोकांच्या उदासीवर काम करणारी मुलगी, पण स्वतः रात्री तीन-तीन वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचे, जेवण जात नव्हतं, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, गाईडनाही नाही.

तुम्ही तेव्हा त्या सेक्शनला नुकतेच बदलून आला होता. मी बाहेरच्या बाकावर बसलेली, तुम्ही दारात येऊन म्हणालात, तीन दिस झाले बघतोय पोरी, हितंच बसतीस, जेवलीस का? मी हो म्हणाले. तुम्ही परत विचारलं, काय जेवलीस? आणि मला उत्तरच देता येईना.

तुम्ही काही समजावलं नाही, धीर धर वगैरे काही नाही. आत बोलावलंत, खुर्ची दिलीत, स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा उघडून अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी झाकणावर काढून माझ्यापुढे सरकवलीत आणि माझी फाईल उघडून पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत. मी खात होते आणि तुम्ही वाचत होता. सात महिन्यांत माझी फाईल पूर्ण वाचणारे तुम्ही पहिले. मग नावाच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र कुठल्या नमुन्यात करायचं ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलंत, जुना जावक क्रमांक शोधायला तीन वर्षांची रजिस्टरं खाली काढलीत, बँकेच्या हेल्पलाइनवर स्वतः फोन लावून पाऊण तास धरून बसलात. चेकर साहेब रजेवर होते तर ते आले त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, ऑफिस सुटल्यावर, त्यांना परत खुर्चीवर बसवून लॉगिन करायला लावलंत. पुढच्या महिन्यात मागचे सगळे एकदम जमा झाले. मी मेसवाल्या मावशींचे दिले, बाबांना फोन केला, आणि कंपनीच्या मेलला नाही म्हणून उत्तर टाकलं.

पण काका, पैशांपेक्षाही मोठं काम तुम्ही केलंत ते तुम्हाला माहीतसुद्धा नसेल.

आम्ही मुलाखतीत पीएचक्यू-९ वापरायचो, डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७, जगभर चालते. त्यात झोपेचा प्रश्न आहे, भुकेचा आहे, उदास वाटतं का हाही आहे. मी गावात जाऊन ओळीने विचारायचे आणि लोक सगळ्याला नाही-नाही म्हणायचे, शून्य, शून्य, शून्य, जसं मी तुम्हाला हो जेवले म्हणाले होते तसंच. बाकावरचा तो दुसरा प्रश्न मला आठवला. मग मी प्रश्नावली बंद करून आधी साधं बोलायला लागले, आज काय खाल्लं, रात्री किती वेळा उठलात, शेतात शेवटचं कधी गेलात, आणि मग ती रेकॉर्डिंग भरायला लागली. प्रश्नावली आता शेवटी घेतो. हा बदल करायचा म्हणून एथिक्स कमिटीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे, परत अर्ज करावा लागला, तोही टाईप झाल्यावर तुम्हीच वाचून दिला होता.

एक मावशी बोलता बोलता म्हणाल्या, माझं आता काही खरं नाही बाई. आमच्या मॉडेलने हे वाक्य साधं, तटस्थ म्हणून टाकलं, त्याला वाटलं खऱ्या-खोट्याची काहीतरी गोष्ट चाललीय. आणि जीव हा शब्द तर विचारूच नका. जीव लावला, जीव रमला, जीव तुटतो, जीव नकोसा झाला, जीव देईन. पहिल्यात माया आहे आणि शेवटचं ऐकलं की फोन लगेच उचलायला हवा, पण शब्द तोच. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट वगैरे मराठी मजकूर समजणारी एआय मॉडेल्स करून सगळ्यांना खुली ठेवलीत, त्यांच्यामुळेच आमची सुरुवात झाली, त्यांचे उपकार आहेतच, पण ट्विट आणि बातम्यांतली मराठी वेगळी आणि ओट्यावर बसून रडू आवरत बोललेली मराठी वेगळी. ती ऐकायला वेळ लागतो. एका तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवून त्यावर खुणा करायला माझा अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस मला फेलोशिपने दिला. सायन्सला पहिली दोन वर्षं कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे, वर्षाला १२,००० मिळते, त्यात दोन हार्ड डिस्क आणि एसटीचं भाडं एवढंच बसलं, म्हणून रेकॉर्डिंग उतरवायला कुणाला पैसे देऊन बसवणं शक्यच नव्हतं. महिन्याचे ३७,००० वेळेवर आले म्हणून मी शिकवण्या न घेता हे करू शकले. त्यानंतर तुम्ही खुर्चीवर होता तोपर्यंत एकाही महिन्याचं कन्फर्मेशन चुकलं नाही. मी मोजलंय काका.

तुम्ही एकदा विचारलं होतं, तुझ्या कॉम्प्युटरला माणूस खोटं हो म्हणतोय ते कळतं का. अजून नाही कळत. उत्तर द्यायच्या आधी माणूस किती थांबतो ते आता मोजायला घेतलंय, थोडी आशा वाटतेय, पण चुकतं खूप, आणि चुकतं तोवर ते कुठल्याही दवाखान्यात जाणार नाही हे मी लेखी दिलंय.

बाकी, दोन वर्षांचं मूल्यमापन झालं, एसआरएफ, म्हणजे फेलोशिपचा पुढचा टप्पा, मंजूर झालं, आता महिन्याला ४२,०००. तुमच्या जागेवर आलेल्या ताई चांगल्या आहेत, तुम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली तारखांची यादी त्यांनी तशीच ठेवलीय.

तुमचा डबा माझ्याकडेच आहे, मागच्या दिवाळीत चिवडा घालून दिलेला. येत्या रविवारी आईला घेऊन येते, काकूंना सांगून ठेवा. आणि रिकामा आणणार नाही.

तुमची,
बाकावरची पोरगी