आगमनकाळाचा आनंद उसाच्या फडापर्यंत पोचावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की वर्तमानपत्रांत केक, रोषणाई आणि गव्हाणीचे देखावे दिसू लागतात. पाहून छान वाटते. पण नाताळाआधीच्या चार आठवड्यांबद्दल, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या आगमनकाळाबद्दल, फारसे कुणी लिहीत नाही.

या काळात दर रविवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती लावतात. तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण तो आनंदाचा रविवार. लूकच्या शुभवर्तमानात याच दिवसांत वाचला जाणारा एक प्रसंग मला फार आवडतो. लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? तो सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक ज्याच्याकडे नाही त्याला द्या. जकातदारांना बजावतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, धाक दाखवून कुणाचे पैसे उकळू नका. तारणारा येतोय म्हणून झालेला आनंद असा रोजच्या व्यवहारात उतरतो.

आमच्या श्रीरामपूर भागात हेच दिवस ऊस गळिताचे. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांजवळ कोप्या (झोपड्या) घालून राहतात. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. गरोदर बाईचे तपासणी कार्ड गावी राहायचे आणि बाई इकडे, सातव्या-आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॅक्टर भरणारी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. तिने अंग टाकले की खाडा (गैरहजेरी) पडतो आणि त्याचे पैसे टोळीचा मुकादम हिशेबात वळते करतो. आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, मग कोण थांबणार? बाळंतीण पंधरवड्यात पुन्हा फडात उतरलेली मी पाहिली आहे. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली आणि सुमारे 82 हजार महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. हा आकडा वाचून मला कित्येक रात्री झोप लागली नव्हती.

दिवस भरत आलेली येशूची आई मरिया नाझरेथहून बेथलेहेमला गेली ती सम्राटाच्या नावनोंदणीच्या हुकमापायी. त्याआधी तिने जे गीत गाइले, त्यात देव सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढतो आणि भुकेल्यांना पोटभर देतो. ते गीत आम्ही भक्तीने म्हणतो. म्हणणाऱ्यांत ऊस लावणारे बागायतदार आहेत, कारखान्यांत नोकरी करणारे आहेत. म्हणून माझे आधी आपल्याच लोकांना सांगणे आहे : आपल्या शेतात येणाऱ्या टोळीतल्या गरोदर बाईचा खाडा धरू देऊ नका, मुकादमाशी तुम्ही बोला. गेल्या वर्षी आम्ही काही जणी मजुरांच्या तळावर नाताळची गाणी म्हणायला गेलो, तर तिथल्या बायांनी उलट आम्हाला ओव्या म्हणून दाखवल्या. इतका आनंद मला देवळातही क्वचित झाला आहे. यंदा मिठाईबरोबर आरोग्यसेविकेलाही सोबत न्यावे, असे मी महिला मंडळाला सुचवले आहे.

सरकारकडे आणि कारखान्यांकडे मागणे एवढेच, की प्रत्येक तळावर पाणी आणि संडास असावेत, आठवड्याला तपासणी व्हावी, आणि बाळंतपणाची रजा मजुरीसह मिळावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, त्याने हे काम याच हंगामात हाती घ्यावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, श्रीरामपूर