वीज गेली की फोनही बंद: लँडलाइनच्या जागी दिलेल्या इंटरनेट फोनबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

विषय: इंटरनेट फोनला बॅटरी बॅकअप नसणे, घरातील जुने जोड बंद पडणे आणि विक्रीच्या वेळी चुकीची माहिती देणे याबाबत

महोदय,

उन्हाळ्यात तुमचे प्रतिनिधी आमच्या परळच्या सोसायटीत खाली टेबल मांडून बसले होते. "लँडलाइन आहे तशीच राहील, फक्त वायर बदलेल, नंबरही तोच राहील आणि वर नेट मिळेल," असे त्यांनी दारोदार सांगितले. ते ऐकून आमच्या मजल्यावरच्या बहुतेकांनी जुनी लाइन बंद करून तुमचे कनेक्शन घेतले. फोनला यापुढे घरातली वीज लागेल, हे त्यांच्यापैकी कोणी सांगितले नाही. अर्जावर तसा उल्लेख नाही, पावतीवरही नाही. माझी मुख्य तक्रार याच गोष्टीची आहे.

जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजकडून यायची. तिथे बॅटऱ्यांची रांग असते, वर जनरेटर असतो आणि त्याच तारेतून 48 व्होल्टचा पुरवठा घरच्या फोनपर्यंत पोहोचतो. म्हणून घरात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळून सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, त्या दिवशीही आमच्या जुन्या फोनवर नातेवाइकांची चौकशी सुरू होती. तुमच्या फोनचे तसे नाही. राउटर बंद पडला की फोनही बंद.

आमचा भाग हिंदमाताजवळचा आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की रस्त्यावरचे पाणी तळमजल्यावरच्या मीटर रूमपर्यंत येते आणि खबरदारी म्हणून वीज बंद केली जाते. ते योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोनची खरी गरज असते ती त्याच वेळी. या पावसाळ्यात अशाच एका रात्री सासूबाईंना दम लागला. त्या सवयीने पलंगाशेजारच्या फोनकडे वळल्या, रिसीव्हर कानाला लावला आणि कितीतरी वेळ तसाच धरून बसल्या. त्यात आवाजच नव्हता. माझ्या मोबाइलला रेंज येत-जात होती, 108 लागत नव्हता. शेवटी शेजारचा मुलगा गुडघाभर पाण्यातून जाऊन पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आला. सासूबाई आता बऱ्या आहेत. पण त्या रात्रीनंतर त्या फोनवर विसंबून घरात एकट्या राहायला तयार नाहीत, आणि मीही त्यांना सोडून कुठे जाऊ शकत नाही.

यानंतर तुमच्या तंत्रज्ञाच्या सांगण्यावरून आम्ही राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा राउटरचे दिवे चालू होते, पण फोन बंदच होता. कारण शोधायला मी स्वतः गच्चीवर गेले. तुमची फायबर आमच्या घरापर्यंत येतच नाही. ती गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत येते, त्या पेटीत एक स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटून देणारे यंत्र, आहे आणि तिथून साध्या लॅन केबली खाली सोडल्या आहेत. तो स्विच सोसायटीच्या जिन्याच्या मीटरवर चालतो. पेटीत बॅटरी नाही. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाने यूपीएस घेतला तरी वीज गेल्यावर सगळ्या विंगचे फोन एकदम बंद होणार. ग्राहकाने कितीही खर्च केला तरी ही उणीव तो भरून काढू शकत नाही, ती तुम्हीच भरून काढायला हवी.

दुसरे म्हणजे घरातले जोड. पूर्वी एकाच लाइनवर हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि सासूबाईंच्या पलंगाशेजारी असे पॅरलल फोन होते. कनेक्शन देणाऱ्या माणसाने पलंगाशेजारचा तेवढा फोन लांब वायर टाकून राउटरला जोडला आणि "घरातली वायरिंग आमच्या कामात बसत नाही" असे सांगून तो निघून गेला. बाहेरून येणारी जुनी तार सोडवून घरातली वायरिंग राउटरच्या फोन पोर्टला जोडली तर बाकीचे फोनही वाजू शकतात. हे अर्ध्या तासाचे काम आहे. लँडलाइनच्या बदल्यात सेवा विकताना ते तुमच्या कामात बसायलाच हवे.

नंबरही बदलला. आपल्याकडे कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. तुमच्या विक्री प्रतिनिधींना हे माहीत असलेच पाहिजे. चिपळूणच्या नातेवाइकांकडे, बँकेत, दवाखान्याच्या कार्डावर अजून जुनाच नंबर आहे.

आवाजाबद्दल थोडक्यात लिहिते. मुलाचा ऑनलाइन क्लास सुरू असला की फोनवरचे शब्द तुटतात आणि बोलणे उशिरा पोहोचत असल्याने दोघेही एकदम बोलू लागतात. राउटरमध्ये कॉलला प्राधान्य देण्याची सेटिंग असते. ती तुमच्या बाजूने करून द्यावी. बँकेच्या फोनवर "एक दाबा, दोन दाबा" म्हटल्यावर दाबलेले आकडे कधी कधी पलीकडे पोहोचत नाहीत, तेही तपासावे.

तक्रार नोंदवायलाही सोपा मार्ग नाही. हेल्पलाइन ॲपकडे पाठवते आणि ॲप ओटीपी मागते. साधा मोबाइल वापरणाऱ्या सासूबाईंसारख्या ग्राहकाने काय करायचे, याचे उत्तर तुमच्या हेल्पलाइनवर मला मिळाले नाही. नोंदवलेल्या तक्रारी "निराकरण झाले" असा मेसेज येऊन बंद झाल्या. प्रत्यक्षात कोणी आले नाही.

माझी मागणी अशी आहे की गच्चीवरच्या स्विचला किमान काही तास चालेल एवढा बॅटरी बॅकअप कंपनीच्या खर्चाने बसवावा आणि त्याची देखभालही कंपनीने करावी. घरातले सर्व जुने जोड सुरू करून द्यावेत. फोन बंद राहिला त्या काळाचे भाडे पुढच्या बिलातून वजा करावे आणि यूपीएसचा खर्च भरून द्यावा, कारण तो तुमच्या माणसाच्या सांगण्यावरून केला. वीज गेल्यावर हा फोन चालणार नाही, हे यापुढे प्रत्येक अर्जावर ठळक मराठीत छापावे आणि विक्रीच्या वेळी तोंडीही सांगावे. आमच्या इमारतीत एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना ही गोष्ट आजही माहीत नसेल, याची मला काळजी वाटते. म्हणून ज्यांनी कनेक्शन आधीच घेतले आहे, त्यांनाही घरी येऊन हे समजावून सांगावे.

तक्रारींचे डॉकेट नंबर, बिलाची प्रत, यूपीएसची पावती आणि गच्चीवरच्या पेटीचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास मी कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करीन आणि तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपली एक ग्राहक,
परळ, मुंबई