मूलभूत हक्क फक्त सरकारविरुद्धच?

माननीय संपादक,

मूलभूत हक्क सरकारकडे मागायचे असतात, दोन खासगी माणसांच्या व्यवहारात राज्यघटनेचा काय संबंध, असे शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात. त्यांनी महाड आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसोबत त्या तळ्याचे पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला. हल्लेखोर सरकारी शिपाई नव्हते, गावातलेच लोक होते.

म्हणून घटनेतली काही कलमे थेट तुमच्या-माझ्यावर बंधन घालतात. दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव येथे कुणाला जात, धर्म, लिंग वा जन्मस्थानावरून अडवता येत नाही (कलम १५(२)). अस्पृश्यता पाळणारा कुणीही असो, कलम १७ त्याला लागू आहे. वेठबिगारीबद्दल कलम २३ आहे. दिल्लीतील एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकामांवरील मजूर खासगी ठेकेदारांचे होते; तरी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणे ही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले.

अडते ते घराशी. कलम १५(२) मध्ये दुकान आहे, भाड्याचे घर नाही. २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. आडनाव विचारून घर नाकारले गेलेल्या माणसाने मग कुठे जायचे?

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने कलम १९ (भाषण, संचार आदी स्वातंत्र्ये) व कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे म्हटले. न्या. नागरत्ना यांनी त्याला असहमती नोंदवली. त्यांची सावधगिरी मला पटते, कारण शेजाऱ्यांचे प्रत्येक भांडण रिट याचिका (हक्कासाठी थेट उच्च वा सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज) होऊन चालणार नाही. शिवाय घर शोधणाऱ्याला उच्च न्यायालयाचा खर्च परवडतो कुठे!

हे काम विधिमंडळाचे आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ते अशक्य नाही. आपल्या घरी जेवायला कुणाला बोलवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जाहिरात देऊन घर भाड्याने लावणाऱ्याला आणि गृहनिर्माण संस्थेला नकाराचे कारण लेखी द्यायला लावणारा, जिल्हा पातळीवर दाद मागता येईल असा कायदा येत्या अधिवेशनात मांडावा, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

आपला,
एक नियमित वाचक