शेवटची गाडी येईपर्यंत जागे राहिलेल्या काकांना

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, गाडीची चेन बदललीस का?" असं विचारून विषय तोडता. पंधरा दिवसांत तीनदा हेच झालं. म्हणून आता पत्र लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. दर हिवाळ्यात आमच्यासारखे कितीतरी बाईकवाले कोकणात उतरतात आणि मुक्कामाची जागा ठरवताना आम्ही जे वर्षानुवर्षं चुकीचं करत आलो तेच करतात. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

आमची पद्धत तुम्हाला माहीत आहेच, कारण तुम्ही ती ऐकून घेतलीत आणि एकदाही हसला नाहीत. वार्षिक मेळाव्याच्या दोन महिने आधी ग्रुपवर हॉटेलांचे फोटो पडायचे. समुद्र दिसतो का, एसी आहे का, माणशी किती पडतात, एवढ्यावर मतं घ्यायची आणि आगाऊ पैसे भरून मोकळं व्हायचं. गेल्या वर्षी एका जागी सगळे मावले नाहीत म्हणून तीन लॉजमध्ये विभागून राहिलो. मी ताफ्याच्या शेवटी असते. मागे कोणी राहिलं तर त्याच्याबरोबर थांबायचं, हे माझं काम. त्या रात्री एका मुलाची क्लच केबल तुटली. आम्ही दोघं साडेअकराला पोहोचलो तर फाटकाला कुलूप. पहारेकऱ्याने आतूनच सांगितलं की दहानंतर फाटक उघडत नाही. बाकीचे चार किलोमीटरवर दुसऱ्या लॉजमध्ये, आणि फोनला रेंज नाही. पहाटे पाचपर्यंत आम्ही एका पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर बसून होतो. तो मुलगा बावीस वर्षांचा आहे. पहिलाच मेळावा होता त्याचा. सकाळी सगळे भेटले तेव्हा तो कोणाशी बोललाच नाही.

या वर्षी जागा ठरवायची जबाबदारी मी मागून घेतली ती त्यामुळे. माणसं ३६, त्यांत बायका ९, गाड्या २९, जानेवारीतल्या दोन रात्री, ठिकाण गुहागर. मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. म्हणाली, "माझे मामा चिपळूण डेपोत एस.टी.वर चालक होते, गुहागर तालुक्यातला रस्ता न् रस्ता त्यांना पाठ आहे." मी तुम्हाला चार घरांची यादी पाठवली आणि विचारलं, यातलं कुठलं चांगलं? तुम्ही उलट विचारलंत, "शेवटची गाडी किती वाजता येणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी गेल्या वर्षीची हकिकत सांगितली. तुम्ही थोडा वेळ गप्प होतात आणि मग म्हणालात, "मी बघून येतो. तू काही भरू नको."

वस्तीच्या गाडीबद्दल तुम्ही नंतर सांगितलंत ते माझ्या मनातून जात नाही. संध्याकाळी शेवटची एस.टी. घेऊन आडगावात जायचं, रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि पहाटे पहिली गाडी काढायची. कुठे देवळात, कुठे शाळेच्या व्हरांड्यात, कुठे कोणाच्या पडवीत, काहीच नसेल तर गाडीतल्याच बाकावर, अशा तुमच्या एकतीस वर्षांतल्या किती रात्री गेल्या. तुम्ही म्हणालात की काही गावांची नावं आता आठवत नाहीत, पण कुठल्या घरात उशिरा गेलं तरी झाकून ठेवलेलं ताट मिळायचं ते आठवतं. थकून आलेल्या चालकाला काय लागतं हे ज्याने अंगावर काढलंय त्यानेच आमच्यासाठी घर शोधलं, हे आमचं भाग्य.

यादीतली चारही घरं तुम्ही एका दिवसात बाद केलीत, आणि प्रत्येकाचं कारण मी वहीत उतरवून ठेवलं आहे. सगळ्यात देखणं घर, ज्याच्यावर आमच्या ग्रुपचा जीव जडला होता, त्याला जायला पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट होती. फोटोत त्या जांभ्याच्या पायऱ्या फार सुंदर दिसत होत्या. गाड्या रस्त्यावर सोडून सामान खांद्यावर न्यावं लागलं असतं, आणि रात्री गाड्यांपाशी कोणी नाही. दुसऱ्या घराच्या फाटकात उतार, आणि उतारावर सुटी खडी. "मागे माणूस बसलेला, दिवसभराचा थकवा, आणि शेवटच्या वीस फुटांत खडी. तिथेच पडतात," असं तुम्ही म्हणालात. माझ्या गाडीचं वजन १९५ किलो आहे, मी अशीच एकदा पडले आहे, त्यामुळे मला जास्त समजावण्याची गरज नव्हती. तिसरीकडे पार्किंग म्हणून दाखवलेली जागा भर नारळीच्या आगरात होती. तयार नारळ कधी पडेल ते झाड सांगत नाही. त्याच्याखाली गाडी लावू नये आणि तंबू ठोकून माणूस तर मुळीच झोपवू नये, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या आमच्यासारख्यांच्या डोक्यातच आली नसती. आम्ही तिथे तंबूच लावणार होतो, काका.

चौथं घर चांगलं होतं, पण छत्तीस माणसांना दोन संडास. खाटा किती आहेत हे विचारायच्या आधी तुम्ही संडास आणि पाण्याची टाकी बघितलीत, वीज गेली तर पाणी कसं चढवणार ते विचारलंत.

आणि मग यादीत नसलेलंच एक घर तुम्ही काढलंत. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेलं, बाजारापासून थोडं आत, कौलारू, ओटी-पडवी-माजघर असं ऐसपैस, मागे विहीर, न्हाणीघरात तांब्याचा बंब. मात्र होय म्हणण्याआधी तुम्ही दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन परत गेलात. नऊ बायका येणार, तर हे बाईच्या नजरेने बघायला हवं, असं तुम्हालाच वाटलं. काकूंनी माजघराची कडी आतून नीट लागते का ते लावून पाहिली, परसदारी जायच्या वाटेवर रात्रीचा दिवा नाही हे हेरलं, आणि आम्ही येईपर्यंत तिथे दिवा लागला होता. आमच्या ग्रुपमधल्या चार जणी स्वतः गाडी चालवतात, सहा वर्षं मेळाव्याला येतात. हा प्रश्न आमच्यासाठी पहिल्यांदाच कोणीतरी आमच्या आधी विचारला.

घरमालकांच्या अटीही तुम्ही आडपडदा न ठेवता आधीच कळवल्यात. स्वयंपाकघरात मासे-मटण नाही, घरात दारू नाही, प्रत्येकाच्या आधारची प्रत आधी पाठवायची. ग्रुपवर थोडी कुरकुर झाली. तुम्ही म्हणालात, पटत नसेल तर दुसरीकडे जा, पण आत आल्यावर वाद नको. पटलं. बांगडा खायला बाहेर खानावळीत गेलो आणि घरात घावन, कुळथाचं पिठलं-भात आणि उकडीचे मोदक खाल्ले. भावही करू दिला नाहीत तुम्ही. दोन माणसं पहाटे चारपासून चुलीपाशी उभी राहणार आहेत, त्यांचे शंभर रुपये कमी करून तुमचं काय होणार, असं विचारलंत. स्वतःसाठी मात्र एस.टी.च्या तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत.

फळ्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरासमोरचं खळं चोपून, शेणाने सारवून केलेलं. २९ गाड्यांचे साइड स्टँड त्यात रुतले असते, खळ्याला भोकं पडली असती आणि रात्रीतून एखादी गाडी शेजारचीवर कलंडली असती. तुम्ही चिपळूणच्या वखारीतून फळीचे तुकडे कापून घेतलेत, २९ मोजून, आणि पोत्यात घालून एस.टी.ने गुहागरला आणलेत. आमच्या पहिल्या गाड्या पोहोचल्या तेव्हा ते ओटीच्या पायरीवर रचून ठेवलेले होते. आमच्यातले काही जण पंधरा वर्षं गाड्या फिरवतात. त्या तुकड्यांकडे बघून त्यांना काय बोलावं ते सुचेना.

समुद्रावर गाड्या न्यायच्या नाहीत, हे तुम्ही फोनवर तीनदा बजावलंत. खरं सांगते, आमच्या कार्यक्रमात ते होतं. ओल्या वाळूवर रांगेने गाड्या उभ्या करून फोटो काढायचे होते. तुम्ही सांगितलंत की हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वाळूत पुरलेलं घरटं वरून दिसत नाही, टायरखाली चिरडतं. पिल्लं बाहेर आली की उजेडाच्या रोखाने चालतात, म्हणून समुद्राकाठी प्रखर दिवे लावले तर ती उलट जमिनीकडे येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांचं काम सुरू केलं तेव्हापासून तुम्हाला हे माहीत होतं. आम्ही दर वर्षी कोकणात यायचो आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चालत गेलो. वनखात्याने जाळी लावून राखलेली जागा लांबून पाहिली, आणि तो बावीस वर्षांचा मुलगा तिथे बराच वेळ उभा होता.

पुणे, सातारा, कोल्हापूरची मंडळी कुंभार्ली घाटाने आली. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा तुमचा निरोप सगळ्यांनी पाळला आणि दुपारी चारच्या आत सगळे पोहोचले. राहिलो आम्ही तिघं. आम्ही पनवेलहून माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली असं येऊन दाभोळला फेरीबोट धरणार होतो. मंडणगडच्या अलीकडे एकाची चेन तुटली. दापोलीत चेनचा लॉक मिळेपर्यंत रात्र झाली, आणि दाभोळला पोहोचलो तेव्हा शेवटची फेरी गेलेली होती. समोर खाडीपलीकडे, गुहागरच्या बाजूला, धोपाव्याचे दिवे दिसत होते. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, "फेरी चुकली तर दाभोळहूनच फोन कर, पुढे रेंजचा भरवसा नाही." मी फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "घाई करू नका. चिपळूणला चहा प्या. मी आहे."

पुन्हा दापोली, खेड, लोटे, परशुराम घाट, चिपळूण, आणि मग गुहागरचा रस्ता. खाडी ओलांडायला जी काही मिनिटं लागली असती त्याच्यासाठी थंडीत शंभराहून जास्त किलोमीटर. हात गोठले होते. मला सारखं ते कुलूप लावलेलं फाटक दिसत होतं. तुमच्या शब्दावर विश्वास होता, तरी दिसत होतं.

रात्री पावणेदोनला गल्लीच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड हलला. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पोतं टाकून तुम्ही बसला होतात, कानटोपी, अंगावर घोंगडी. दहा वाजल्यापासून. घरमालकांनी ओटीवर झोपा म्हटलं तरी तुम्ही गेला नाहीत, कारण ते वळण अंधारात चुकतं आणि पुढे रस्ता अरुंद होत जातो, गाडी वळवता येत नाही. शेजारी म्हातारी माणसं झोपलेली म्हणून तुम्ही आम्हाला इंजिनं बंद करायला लावलीत आणि चेन तुटलेल्या गाडीला मागून हात लावलात. वय वर्षं बासष्ट. मी नको नको म्हणत होते.

खळ्यात आल्यावर तुम्ही विचारलंत, "मागे किती जण?"

"कोणी नाही, काका. आम्हीच शेवटचे."

तेव्हा कुठे तुम्ही बॅटरी बंद केलीत. फळीचे तीन तुकडे भिंतीशी वेगळे काढून ठेवलेले होते. आत तीन ताटं झाकलेली होती आणि बंबात निखारे होते. त्या ताटावरची झाकणी उचलताना मला रडू आलं. तुम्ही पाहिलंत, आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेलात.

निघायच्या दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाड्या धुवून दिल्याशिवाय तुम्ही कोणाला सोडलं नाहीत. खारं वारं लोखंड खातं म्हणालात. फळीचे तुकडे पुढच्या पाहुण्यांसाठी पोत्यात परत भरले, तर सव्वीसच भरले. उरलेले तीन कोणी नेले ते तुम्ही ओळखलं असेलच. एक माझ्या गाडीखाली आहे, एक त्या बावीस वर्षांच्या मुलाकडे. तिसऱ्याचं नाव मी सांगणार नाही. पुढच्या मेळाव्याची जागा आता तो मुलगा शोधणार आहे, त्याने स्वतःहून मागितलं. तुमचा नंबर त्याला दिला आहे.

एक गोष्ट त्या रात्री तुम्ही सहज बोलून गेलात, की एकतीस वर्षं गाडी चालवली पण मोटरसायकलवर मागे बसून घाट कधी पाहिला नाही, समोर रस्ता धरायचा असायचा. मी फेब्रुवारीत चिपळूणला येते आहे. काकूंकडून तुमच्या डोक्याचं माप घेतलं आहे, हेल्मेट बरोबर आणते. कुंभार्ली सकाळी लवकर चढू, धुकं असतानाच. सावकाश चालवीन.

तुमची,
ताफ्याच्या शेवटी असणारी