लेह मोहीम : शेवटच्या टप्प्याबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

मनालीहून सायकलवर निघालेली आपली मंडळी पांग या मुक्कामी पोहोचली आहेत. बारालाचा, गाटा लूप्सची २१ वळणं, लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) हे सगळं मागे पडलं. आता मोठी खिंड एकच, तांगलांग ला, ५,३२८ मीटर. आपलं सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर, तेव्हा विजापूर रोडच्या उड्डाणपुलावरचा सराव तिथे किती कामाला येतोय ते त्यांनाच विचारा!

पण आत्ता विचारू नका. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत आणि पोस्टपेडलाही या पट्ट्यात रेंजची खात्री नाही. दिवसभर फोन लागला नाही तर घरच्यांनी घाबरू नये. निरोप आला की ग्रुपवर टाकू.

मोहिमेतल्यांसाठी : मोरे मैदान सकाळीच पार करा, दुपारी वारा अंगावर येतो. खिंडीतून रुमत्सेकडे उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नका, सोडत-धरत उतरा. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड बघाच. घामाचा टी-शर्ट वरच बदला, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर खिंडीत फोटोसाठी रेंगाळू नका, आधी खाली या. उपशीला सिंधू भेटली की लेह पन्नासेक किलोमीटर. चोगलमसरनंतर पुन्हा चढ लागतो, तेवढा दम राखून ठेवा. शेंगाचटणी उरली असेल तर तिथे संपवा.

परतीच्या गाडीची वेळ कळली की स्टेशनवर कोण येणार ते ठरवू. सायकलींच्या खोक्यांसाठी एक टेम्पो लागेल. कुणाच्या ओळखीत असल्यास कळवा.

– कार्यवाह