वसईची बावखलं नकाशावर आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी कित्येक वर्षं येतो, त्यामुळे हक्कानं लिहितेय. पावसाळा संपला की पुरवणीत 'मुंबईजवळ एका दिवसात बघण्यासारखं' असे लेख येतात, त्यात वसई हमखास असते. किल्ल्याचा फोटो, अर्नाळ्याचा बीच, आगाशीचं भुजिंग कुठे खायचं एवढं झालं की वसई संपते. आणि दुसऱ्या पानावर बिल्डरांच्या जाहिराती, वेस्टर्न लाइनवर परवडणारं घर वगैरे. माझं माहेर निर्मळच्या पुढे एका वाडीत, सासर दहिसर, नोकरी चर्चगेटला, म्हणजे रोज ज्या लोकलनं जाते त्याच गाडीत अर्धी वसई-विरार भरलेली असते. तरीपण ऑफिसमध्ये कोणालाही विचारा वसई कशी आहे, तर 'लांब आहे आणि पाणी भरतं' एवढंच उत्तर मिळतं. पाणी भरतं हे खरं आहे, पण का भरतं ते कोणीच नीट लिहीत नाही आणि मला त्याबद्दलच, म्हणजे आमच्या वाड्यांतल्या बुजत चाललेल्या बावखलांबद्दल, जुन्या तळ्यांबद्दल लिहायचंय.

आधी जागा कशी आहे ते सांगते कारण सगळं तिथूनच सुरू होतं. दक्षिणेला वसईची खाडी, तिच्या पलीकडे भाईंदर, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. पूर्वी वसई हे जवळजवळ बेटच होतं, सोपाऱ्याची खाडी मधून जायची आणि तिच्यातून जहाजं ये-जा करायची. आज जिथे नालासोपारा स्टेशनला सकाळी पाय ठेवायला जागा नसते ते गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक, कोकण किनाऱ्यावरचं मोठं बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बौद्ध स्तूप उकरून काढला, आणि त्याच सुमारास भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो आपल्या मुंबईच्या म्युझियममध्ये आहे, फोर्टला जाता येता कधीही बघता येईल. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाला आपला हुकूम दगडावर कोरून लावावासा वाटला इतकी वर्दळीची जागा होती ही. मग खाडी गाळानं भरत गेली, बंदर मेलं, खाडीचा नाला झाला. पण डोंगरावरचं पावसाचं पाणी आजही त्याच वाटेनं समुद्राकडे जायला बघतं, हे लक्षात ठेवा, पुढे परत सांगणार आहे.

पोर्तुगीजांचं सगळ्यांना माहितीय असं आपण म्हणतो पण मुंबईकरांना एक गोष्ट सांगितली की ते चकित होतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली त्याच तहात मुंबईची बेटंसुद्धा गेली, आणि पुढची सव्वाशे वर्षं मुंबई ही वसईच्या हाताखालची एक छोटी जागा होती. उत्तर प्रांताचा सगळा कारभार वसईच्या किल्ल्यातून चालायचा. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांना हुंड्यात दिली तेव्हा कुठे तिचं नशीब वेगळं झालं. मग चिमाजी अप्पांची मोहीम, १७३७ मध्ये साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. त्या लढाईत किती माणसं गेली ते वाचलं की आजही अंगावर काटा येतो. वसईच्या चर्चमधल्या घंटा तेव्हा मराठी मुलखात देवळांत गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला ज्या तहावर सही करून दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांची फौज मान्य केली तो तहसुद्धा वसईचाच. एवढं सगळं ज्या गावात झालं त्याची ओळख 'प्री-वेडिंग शूटचं लोकेशन' अशी करून देतात तेव्हा वाईट वाटतं हो.

पण किल्ला काही कोणी पळवून नेत नाही, पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे, पडका का असेना उभा आहे. मला काळजी आहे ती किल्ल्याच्या बाहेरच्या वसईची.

आमच्याकडे लोक किती प्रकारचे आहेत हे बाहेरच्याला कळतच नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळ्याला कोळी, त्यांचे बोंबील थंडी-उन्हाळ्यात बांबूच्या वलांडीवर वाळत असतात. वाड्यांमधून आम्ही वाडवळ, शेजारी सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिश्चन म्हणजे कुपारी, मग आगरी, भंडारी, पूर्वेला वारली, मल्हार कोळी, कातकरी. प्रत्येकाची बोली वेगळी, कुपारी लोकांची कादोडी तर मुंबईच्या माणसाला पहिल्या झटक्यात समजतच नाही, पण ती मराठीच. त्यांच्या म्हाताऱ्या बायका अजून लाल लुगडं नेसतात आणि भाजीची टोपली घेऊन लोकलच्या लगेज डब्यात बसलेल्या दिसतात. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत, १५९७ मध्ये जपानला नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले, ते इथलेच, त्यांच्या नावाचं चर्च गासला आहे. आणि निर्मळला शंकराचार्यांची समाधी, कार्तिकात वद्य एकादशीला तिथे जत्रा सुरू होते. आमच्या लहानपणी या जत्रेची आम्ही दिवाळीपेक्षा जास्त वाट बघायचो. शेजारची ख्रिश्चन मुलं आमच्याबरोबरच यायची, आणि नाताळात आम्ही त्यांच्याकडे, त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही. जत्रेत सुकेळी मिळते, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात, रंग मधासारखा, आत हाताला चिकट. ज्यानं खाल्ली नाही त्याला वसईची केळी कळलीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ही केळी, पानवेली, मोगरा, तगर, भाजी हे सगळं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पिकतं कसं? तर बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं, फार मोठं नाही, एखाद्या बिल्डिंगच्या पार्किंगएवढं असेल. आमच्या वाडीतलं बावखल मी अजून डोळे मिटून काढून दाखवू शकते. एका बाजूला पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, त्यातली शेवटची नेहमी शेवाळलेली, काठाला भेंडीची आणि उंडीची झाडं, आणि कडेला रहाट. माझ्या आजोबांच्या वेळेला बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाणी पाटात पडायचं आणि पाटानं केळींच्या ओळीतून एकेका आळ्यात जायचं, कोणाच्या आळ्यात किती वेळ पाणी सोडायचं हे आजी ठरवायची. मग इंजिन आलं, मग मोटर आली, रहाट गेला पण बावखल राहिलं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की सगळे उतरून गाळ काढायचे, आणि तो गाळ केळीला आणि पानवेलीला घालायचे, त्या वर्षी दुसरं खत फारसं लागायचं नाही. जूनमध्ये दोन-चार मोठ्या पावसात ते परत काठोकाठ.

हे फक्त शेतीचं नाहीये. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असतं, गोडं हलकं असतं म्हणून. वरून पाऊस मुरत राहिला तर गोड्या पाण्याचा जोर राहतो आणि समुद्राचं पाणी आत येत नाही. मुरणं बंद झालं आणि वरून पंपानं उपसा वाढला की खारं पाणी खालून वर चढतं आणि मग विहिरी मचूळ व्हायला लागतात, एकदा झाल्या की परत गोड व्हायला वर्षं जातात. बावखलं नेमकं हेच काम करत होती, पावसाळ्यात पाणी अडवायचं आणि वर्षभर हळूहळू जमिनीत सोडायचं. आमच्या खापरपणज्यांना भूगर्भशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं पण व्यवस्था एकदम पक्की होती, आणि फुकट.

१९८० नंतर काय झालं ते त्या पिढीला विचारा. वसई रोड, नालासोपारा, विरारला बिल्डिंगी उठल्या, नळाला पाणी नाही, मग आमच्या गावातल्या विहिरी-बावखलांतून टँकर भरभरून जायला लागले. १९८८ च्या सुमारास सरकारनं हरित पट्ट्यातली जमीनपण बांधकामाला मोकळी केली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली. कोळी, आगरी, वाडवळ, कुपारी, सामवेदी ब्राह्मण सगळे एका मोर्चात, आमच्या घरची बायामाणसंसुद्धा गेली होती. दादागिरी होती, धमक्या होत्या, तरी लोक हटले नाहीत. २०२० मध्ये हेच फादर उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पेपरांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं, २०२४ मध्ये ते गेले तेव्हाही लिहिलं, पण ज्या पाण्यासाठी ते रस्त्यावर उतरले त्या पाण्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारलं नाही. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि गावं मिळून महानगरपालिका झाली, गावं वगळा म्हणून परत आंदोलन झालं, ते सगळं राजकारण मी इथे काढत नाही. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आता किती असेल तुम्हीच विचार करा. एवढ्या लोकांना घर पाहिजेच, मुंबईत परवडत नाही म्हणून लोक इकडे येतात, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही, माझा सख्खा दीर विरारला राहतो.

राग याचा आहे की पाण्याची वाट कोणी बघितलीच नाही. जुलै २०१८ आठवा. वसई ते विरार रुळ पाण्याखाली, गाड्या बंद, मिठागरांत काम करणारी माणसं अडकली, लोक घरात वीज नाही पाणी नाही असे बसून. पेपरात आलं की पाऊस जास्त पडला. पाऊस जास्त होताच, पण तुंगारेश्वरहून उतरलेलं पाणी जिथून समुद्राला जायचं तिथे भराव, जिथे साठायचं ती मिठागरं आणि शेतं बुजलेली, आणि जिथे मुरायचं ती बावखलं डेब्रिज टाकून सपाट केलेली. मग ते रस्त्यावर नाही तर कुठे जाणार?

आमच्या माहेरच्या शेजारचं एक बावखल असंच गेलं. आधी कडेनं थोडी माती पडली, कोणी म्हणालं रस्ता रुंद करायचाय, मग रात्री डंपर यायला लागले, तुटक्या लाद्या, कमोडचे तुकडे, विटा. माझ्या काकांनी फोटो काढून संबंधित ऑफिसात अर्ज दिला, तिथून उत्तर आलं की नोंदीत अशी कुठली जलाशयाची जागा दिसत नाही. काकांनी वयाच्या सत्तरीत चार खेपा घातल्या, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. खरी मेख इथेच आहे. बहुतेक बावखलं खाजगी वाडीत, सातबाऱ्यावर ती नुसती शेतजमीन, त्यामुळे कागदावर ती नाहीतच आणि जे कागदावर नाही ते बुजवलं तर गुन्हा कसला. त्या पावसाळ्यात काकांच्या पडवीत पहिल्यांदा पाणी आलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याचा चहा फाटायला लागला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वसई पश्चिमेच्या गावागावातली जी बावखलं उरलीयत त्यांची मोजणी करून, सर्व्हे नंबरसकट नकाशावर घेऊन विकास आराखड्यात जलसाठा म्हणून दाखवा. ज्याच्या वाडीत बावखल आहे त्याला ते राखण्यासाठी काहीतरी मोबदला द्या, घरपट्टीत सूट द्या, गाळ काढायला मशीन द्या, कारण आज ती जागा विकली तर त्याला जो पैसा मिळतो त्याच्यापुढे नुसत्या कौतुकानं काही होत नाही, मुलं परदेशी, म्हातारा-म्हातारी दोघंच, ते तरी किती वर्षं सांभाळणार. हे काम तरुण पोरं करायला तयार आहेत, काही गावांत मुलांनी स्वतः उतरून बावखलं साफ केलेली मी बघितलीयत, त्यांना फक्त सरकारी कागदाची साथ पाहिजे.

आणि तुमच्याकडे एक विनंती. पुढच्या मे महिन्यात तुमचा वार्ताहर आणि फोटोग्राफर पाठवा. वसई स्टेशनवरून बस किंवा रिक्षानं निर्मळ, भुईगाव, वाघोली, आगाशी एवढा पट्टा फिरा, गाळ काढायचं काम चालू असेल, माणसं बोलतील. गावागावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आज किती बावखलं आहेत आणि त्यांच्या लहानपणी किती होती हे छापा, सरकारी मोजणी होईल तेव्हा होईल, निदान तुमच्या पेपरात तरी त्यांची नोंद राहील. माझे काका सोबत यायला तयार आहेत, त्यांनी आपल्या गावापुरती यादी वहीत लिहून ठेवलीच आहे.

आपली,
एक नियमित वाचक, दहिसर (माहेर वसई)