रायफलीची वाईट कार्डंही जपणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

समोर येऊन बोललो असतो तर ‘ऱ्हाऊ द्या वो’ म्हणून तुम्ही पुढच्या पोराकडं वळला असता. म्हणून हे लिहून काढतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं.

माझ्या पोरीची नेमबाजीची रायफल दुरुस्तीला तुमच्याकडं आली, ती 10 मीटरवरच्या नेमाची, 4.5 मिलिमीटरची, सिलिंडरच्या हवेवर चालणारी जुनी क्लब रायफल. लाकडी दस्ता, दोन हात फिरून आलेली. नवी परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते, त्यामुळं आपल्याकडं बहुतेक पोरांची सुरुवात अशाच जुन्या रायफलीवर होते. विकणाऱ्यानं सोबत एक कार्ड, म्हणजे नेम मारलेला कागदी टार्गेट, दिलं होतं. पाच पेलेट (छर्रे), एकच भोक. किती कार्डांतून ते एक निवडलं होतं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. रेंजवर मात्र मधूनच एखादा शॉट वर पळायचा. विकणाऱ्याला विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘पोरीचा हात हलतोय.’ दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्यानं एकही पेलेट न मारता दहा मिनिटांत निकाल दिला, बॅरल गेलं, बदला. नुकती सुरुवात केलेल्या पोरीला हात हलतोय म्हणून सांगितलं की ती आपली चांगली जमलेली पोझिशन मोडून बसते. ते नुकसान पैशात मोजता येत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही कुणालाच दोष दिला नाहीत. आधी सिलिंडरवरची तारीख वाचलीत. बऱ्याच जर्मन सिलिंडरना बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत असते. ती उलटली असती तर तुम्ही हवा भरायलाच तयार नव्हता. मुदत शिल्लक होती. दाब 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) येईतो सावकाश भरलंत आणि थोड्या वेळानं काटा 193 वर आला तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. ‘तापलंय ते, गार हुंदे,’ एवढंच म्हणालात. भरताना सिलिंडर तापतो आणि गार झाला की पाच-आठ बार उतरतात, ती गळती नव्हे. खरी गळती रात्रभर ठेवून सकाळी काटा पाहिल्यावर कळते. सकाळी काटा 193 वरच होता.

मग दस्त्याचे स्क्रू, बॅरलची पकड, पुढच्या साईटचा पाया. यातलं एक जरी ढिलं असेल तर पुढच्या सगळ्या तपासणीला अर्थ राहत नाही. बॅरल साफ करायला मागच्या बाजूनं फेल्टचा (लोकरी कापडाचा) बोळा सरकवलात, लोखंडी गज जवळही येऊ दिला नाहीत. डायप्टर, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची मागची साईट, दहा क्लिक उजवीकडं, दहा क्लिक परत डावीकडं, आणि शॉट पहिल्या जागी येतो का ते पाहिलंत. आला. म्हणजे साईटमध्ये खेळ नव्हता. मग खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून दस्त्याखाली ठेवलात, बॅरल कुठंही टेकू दिलं नाहीत, आणि 4.49, 4.50 व 4.51 अशा तिन्ही मापांच्या पेलेटचे पाच-पाच शॉटचे ग्रुप, एकाच नेमावर, मारलेत. पेलेट बदलल्यावर पहिले दोन मोजायचे नाहीत, हेही तेव्हाच सांगितलंत.

हे सगळं जाणकार माणूस करतोच. आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या एका गोष्टीचे.

सहावं कार्ड खराब आलं. चार पेलेट एका भोकात आणि एक वर. पोरीनं सवयीनं ते चुरगळायला घेतलं. तुम्ही तिच्या हातातून ते हळूच काढून घेतलंत, मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केलंत आणि कानामागची पेन्सिल काढून मागं लिहिलंत: तारीख, काट्यावरचा दाब, पेलेटचं माप, वर गेलेला शॉट कितवा, आणि त्याआधी रायफल किती मिनिटं थांबली होती. मग पेन्सिल तिच्याच हातात दिलीत. ‘वाईट कार्डच बोलतंय बघ.’ पुढची सगळी कार्डं तिनंच लिहिली.

मामा, तोवर ज्यानं त्यानं तिची वाईट कार्डं तिच्याच तोंडावर मारली होती. तुम्ही ती कामाची आहेत म्हणून जपून ठेवलीत. त्या दिवशी ती ताठ मानेनं रेंजवरून बाहेर पडली, तेव्हा रायफल अजून दुरुस्तही झाली नव्हती.

आणि दोष सापडला तोही त्या कार्डांतूनच. पळालेला प्रत्येक शॉट थांबून मारलेला पहिला शॉट होता. गेला तो फक्त वर, डावी-उजवीकडं नाही. हात हलला असता तर तो कुठंही गेला असता. बॅरल खराब असतं तर सगळा ग्रुपच पसरला असता. मग पेलेटचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावलात. सलग मारताना वेग सेकंदाला 171 ते 173 मीटर, एक मिनिट थांबून 175, वीस मिनिटं थांबून 182. सिलिंडरची हवा ठरलेल्या दाबानं पुढं सोडणाऱ्या रेग्युलेटरची सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, झिजली होती. रायफल नुसती पडून असली तरी सिलिंडरची हवा थोडी थोडी आत झिरपून दाब वाढत होता, आणि पुढचा पहिला पेलेट जोरात सुटत होता. विकणाऱ्याच्या कार्डाचं कोडंही तिथंच सुटलं. न थांबता झटपट पाच मारले की हा दोष दिसतच नाही.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटेल त्यांच्यासाठी हिशोब. 172 च्या वेगानं पेलेट 10 मीटरवर सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो, 182 च्या वेगानं 15. म्हणजे शॉट जवळजवळ दोन मिलिमीटर वर. दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, आणि 10.9 पासून खाली गुणांच्या दशांशाची एकेक पायरी पाव मिलिमीटरची. नेम अचूक असूनही 10.9 चा शॉट 10.2 होतो. जुनी रायफल घेणाऱ्यांनी आणखी एक माप लक्षात ठेवावं: टेकूवरून मारलेल्या ग्रुपची बाहेरची कड ते कड 9.5 मिलिमीटरच्या आत असेल, तर त्या रायफलीत प्रत्येक शॉटला दहा गुण मिळवायची ताकद आहे. आणि मारताना मध्ये वीस मिनिटं थांबून पाहावंच.

दुरुस्तीचं फार लिहीत नाही. हवा पूर्ण सोडून, सिलिंडर काढल्याशिवाय तुम्ही एक स्क्रूही हलवू दिला नाहीत. सीट आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) नव्या, सिलिकॉन ग्रीसचं बोट. साधं तेल दाबाच्या हवेजवळ न्यायचं नाही, हे तुम्ही पोरीकडून दोनदा म्हणवून घेतलंत. सुरुवातीचे वीस शॉट सोडून दिले. मग सलग 170 ते 172, आणि वीस मिनिटं थांबून 173. बदला म्हणून सांगितलेलं बॅरल आहे तेच आहे.

आपल्या कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं. आपण मिरवणुका काढल्या, त्या काढायलाच हव्यात. पण तालमीत जसा माती खणून, तेल-ताक मिसळून आखाडा तयार ठेवणारा कुणीतरी असतो, तशी रेंजवर तुमच्यासारखी माणसं असतात. दुसऱ्याच्या पोरीच्या जुन्या रायफलीसाठी दोन दिवस घालवायचे, चहाच्या पुढं काही घ्यायचं नाही, आणि ज्यांनी फसवलं त्यांच्याबद्दल वाईट शब्दही काढायचा नाही. असा चांगुलपणा या गावात अजून आहे, हे आम्हाला रायफलीच्या निमित्तानं कळलं.

कार्डं सगळी पेटीत आहेत, विकणाऱ्याचं सुद्धा. त्याच्यामागं पोरीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘न थांबता मारलेलं.’

तुमचा टॉवेल इकडं राहिला होता. धुऊन ठेवलाय, रविवारी घेऊन येतो.

आपला,
त्या क्लब रायफलवाल्या पोरीचा बाप
कोल्हापूर